हजाराचे वाटे

४ जानेवारी, सकाळी ६
संकल्प: एडवणच्या पोरींची बास्केटबॉल टीम पहिल्या नंबरात आणणे. कोच मीच. कॅप्टन नात रुचिता. टीम तीनच: आम्ही, बोईसर, मासवण. पहिली असेल ती जिल्ह्याला जाणार.

७ जानेवारी
नंबर कसे काढायचे, यावर बोईसरचे पुंडलिक मास्तर अडून बसले. मी मोबाइलवरून आंतरराष्ट्रीय पद्धतच वाचून दाखवली. प्रत्येक मॅच हजार गुणांची, दोघांत वाटायची. हरणाऱ्यालाही वाटा! तगड्या टीमशी, बाहेरगावी, थोडक्यात हरलं तर वाटा चांगलाच. मॅच जुनी झाली की वजन कमी. शेवटी सरासरी. सगळ्यांच्या सह्या घेतल्या.
माझी बायको सोजराबाई बाजारासाठी बोंबलाचे वाटे लावत होती. समजावलं. म्हणाली, "हरनाऱ्याला पन वाटा? मग जाळं कोन ओढील?" तिला गणित कळत नाही.

१२ जानेवारी
पोरींना सक्त ताकीद: अंतर थोडं ठेवा, बाकी माझ्यावर सोडा. रुचिताने दोनदा विचारलं, थोडंच ना. मोठा विचार पचायला वेळ लागतो.

१८ जानेवारी
तगड्या बोईसरला जाऊन दोन गुणांनी हरलो! येताना टमटममध्ये पोरी रडवेल्या, मी गात होतो. हिशेब केला: हजारातला मोठा वाटा आमचाच, सरासरीत आम्ही पहिले. मास्तरांनी तीनदा तपासलं, तरी तेच. 'नंबर एक' असा झेंडा शिवून होडीवर लावला.

२५ जानेवारी
आता न खेळता बसलो तरी जिल्हा पक्का. पण मासवणची टीम लेचीपेची, म्हणजे आयती मच्छी. घरीच बोलावली. सोजराबाईने विचारलं, हाय ते पुरं नाय का. दुर्लक्ष केलं.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ
मध्यंतराला वीस गुणांनी पुढे. पेढे आणायला गेलो. परत येतो तो जिंकलेलो! एका गुणाने. एका तर एका. पेढे वाटले.

२ फेब्रुवारी
मास्तरांचा फोन. मासवण कमजोर, मैदान आमचं, अंतर एकाचं, वाटा इवलासा. सरासरी घसरली. जिंकून दुसरे. बोईसर जिल्ह्याला. रेंज नाही म्हणून फोन ठेवला.
रुचिताला विचारलं, वीसचा एक झालाच कसा. म्हणाली, "तुमीच सांगलेलं ना आजोबा, अंतर थोडं ठेवा. किती बास्केट मुद्दाम चुकवल्या आमी."
झेंड्यावर सोजराबाईने बोंबील वाळत घातलेत.