भुईखालचा माणूस

रोहिणखेड,
ता. ९ मार्च १९३४

प्रिय अन्नपूर्णा,

हे काल हवालातीतून सुटून घरी आले. न्हाऊन जेवायला बसले आणि भाकरी मागून घेतली. महिनाभरात पहिल्यांदाच माझ्याही घशाखाली धड घास उतरला.

तू नांदुऱ्याला माहेरी निघून गेलीस, त्याचा मला राग नाही. शेतात नवी विहीर खणताना माणसाची कवटी निघाली आणि साऱ्या गावाला दोघा भावांचं वाटणीवरून झालेलं भांडण आठवलं. त्या भांडणानंतरच इंद्रभानभाऊजी घर सोडून गेले ते परतले नाहीत. यांनीच भावाला मारून पुरलं, असं लोक उघड बोलू लागले. फौजदार यांना घेऊन गेले. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच मानलं असतं.

कवटीजवळ एक काळं-तांबडं मडकं होतं. ते पाहून तहसीलदारांनी नागपूरच्या संग्रहालयातल्या साहेबांना बोलावलं. साहेब स्वतः विहिरीत उतरले. पायांची हाडं अजून मातीतच रुतलेली होती. त्यांनी खुरप्यानं बाजू तासली, तसे थर लुगड्याच्या काठांसारखे वेगळे दिसू लागले. वर आपली काळी माती, मग राख नि खापरं, त्याखाली कोण्या जुन्या घराची चुन्यानं चोपलेली भुई, आणि हाडं त्या भुईच्याही खाली.

"मंग हे हाडं कोनाचे?" फौजदारांनी विचारलं.

"नाव नाही सांगता यायचं," साहेब म्हणाले. "पण हल्ली कोणी पुरलं असतं तर आधी ही भुई फोडावी लागली असती, खड्ड्यात सगळी माती कालवली गेली असती. इथं भुई सलग आहे, चीरसुद्धा नाही."

त्या भुईत हत्तीचं चित्र असलेलं शिशाचं नाणं रुतलेलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांचं, म्हणे. म्हणजे खालचा माणूस त्याहूनही जुना. यांच्याविरुद्ध गावात सगळ्यात जास्त बोलणारे उकंडराव डोक्याला हात लावून म्हणाले, "मी त्याले इंद्रभान समजून रडलो न बे!" मी बांधावरच बसले, हसू आणि रडू एकदमच आलं.

परवा कौशल्याबाई नांदुऱ्याहून आल्या. तू कुंकू पुसलंस, बांगड्या फोडल्यास, हे त्यांच्याकडून कळलं. म्हणून हे पत्र. भाऊजी कुठं आहेत ते मला ठाऊक नाही. खोटा दिलासा मी देणार नाही. पण आपल्या विहिरीत ते नाहीत. अन्नपूर्णा, पत्र वाचलंस की आधी कुंकू लाव. बांगड्या घेऊन मी येतेच आहे. यांनी गाडी जुंपायला सांगितली आहे.

तुझीच थोरली जाऊ,
सुभद्रा