वैशालीचं तिकीट

पोंभुर्णा, शनिवार, २२ नोव्हेंबर

डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. जानेवारीत आम्ही दोघं श्रीनगरला बर्फ पाहायला जाणार, नागपूरहून विमानानं. मी लोकरीचे मोजेसुद्धा विणून ठेवले. आज पोरीनं, निकितानं, तिकीट पाहिलं.

"आई, बाबानं वैशाली टाकलं. आधारवर तर कुसुम हाय ना?"

वैशाली म्हणजे मीच. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नाव. ते सासरच्या घरापुरतंच राहिलं. आधारवर, बँकेत, अंगणवाडीच्या हजेरीत मी कुसुमच आहे. विमानतळावर कुसुमला वैशालीच्या तिकिटावर कोण सोडणार?

ह्यांना विचारलं, तर टीव्हीवरची नजर न हटवता म्हणतात, "मले काय मालूम, तुह्या आधारवर कोणतं नाव हाय."

पोरगी लग्नाची झाली, आणि ह्यांना मालूम नाही. दर निवडणुकीत आम्ही सोबतच मतदानाला जातो. तिथं माझं नाव मोठ्यानं वाचतात. तेव्हा ह्यांचे कान कुठं असतात?

वर तोडगा काय, तर, "तिकिटावरचं बदलत नाई म्हणते. तू आधारच बदलून घे."

म्हणजे तिकीट तसंच राहणार, बदलायचं मी. पुन्हा. तांदूळ आणू का, विचारलं. तेव्हा कुठं टीव्ही बंद झाला.

ते तिकीट रद्द करायला लावलं. नवीन माझ्या मानधनातून काढलं, नाव माझ्या हातानं टाकलं. सीट खिडकीची घेतली, ह्यांच्यापासून चार रांगा पुढं.

"माह्या बाजूले काऊन नाई घेतली?"

"तिथं वैशालीची जागा हाय," म्हटलं.