डाव्या पायाचं खरं माप

ती. स्व. ताईस,

साष्टांग नमस्कार. (वाकता येतं, पण उठवायला माणूस लागतं, म्हणून कागदावरच घालते आहे.) तुझे गुडघे, भावजींचे कान आणि तुमची गळकी गच्ची या तिघांची प्रकृती कळव. भावजींना फक्त तुझंच ऐकू येत नसेल, तर कानाच्या डॉक्टरकडे जाऊ नकोस. तो आजार नव्हे.

इथे 'आमचं सर्व क्षेम' असं लिहायचं असतं. पण बाजारात खोटी वजनं लावणाऱ्यांना पकडणं हीच माझी नोकरी, तेव्हा निदान माझ्या हातून तरी तसलं वाक्य जायला नको. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला त्याला सव्वा वर्ष झालं. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले आणि शेवटच्या शेकाच्या दिवशी दुपारी साधारण तीन वाजल्यापासून मी जगाच्या लेखी ठणठणीत बरी आहे. आता तक्रार केली की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, जणू सिनेमा संपल्यावरही मी खुर्ची सोडत नाहीये. माझ्या नणंदेने तर फोनवर निकालच दिला की, वहिनी, ती पिशवी या वयात तशीही कशाला लागत होती! (तिच्या डोक्याबद्दल माझं हेच मत आहे, पण मी कधी बोलून दाखवलेलं नाही.) शेजारच्या शिकवणीवाल्या बाई म्हणतात, चेहऱ्यावर काय तेज आलंय! बाई, ते तेज नव्हे. दिवसातून सात-आठ वेळा अंगातून भट्टीची झळ उठते, तिचा तो रंग आहे.

कामावर रुजू झाले तेव्हा साहेबांनी हार घातला, 'लढवय्या' म्हणाले आणि मग त्या लढवय्याला दप्तराच्या खोलीत पंख्याखाली बसवून ठेवलं. मी चौथ्या दिवशी उठले आणि बाजारात गेले. आता शेकांनी मूत्राशयाचा जो काही स्वभाव करून ठेवलाय, तो असा की एकदा लागली म्हणजे लागली, तिथे विनंती-अर्ज चालत नाही. परवा मी तशीच घाईघाईने एका धान्याच्या दुकानात शिरले. मला बघताच दुकानदाराचा चेहरा पांढराफटक पडला. मी तोंड उघडायच्या आत त्याने गल्ल्यावरचा काटा उचलून आत टाकला आणि खालून दुसरा काढून ठेवला. म्हटलं, काटा राहू दे, संडास कुठाय? त्याला ते खरं वाटेना. ही नवी युक्ती असावी अशा समजुतीने तो माझ्यामागे दारापर्यंत आला. (बाहेर आल्यावर दोन्ही काटे तपासले. पहिला किलोमागे चाळीस ग्रॅम खात होता.) त्या गल्लीत आता मी धावत दिसले की सगळी दुकानं प्रामाणिक होतात. खात्याला वीस वर्षांत जे जमलं नाही ते माझ्या मूत्राशयाने सहा महिन्यांत केलं.

असो. सांगायचं होतं ते गेल्या आठवड्यातल्या तपासणीबद्दल. हे सोबत होते. आत बोलावण्याआधी एका मुलीने हातात कागद दिला, वर ठळक अक्षरांत 'जीवनाची गुणवत्ता'. गुणवत्ता! जणू गव्हाच्या पोत्यात सळई खुपसून मूठभर नमुना काढायचा. खाली चाळीस प्रश्न आणि प्रत्येकाला चारच उत्तरं: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. मी विचारलं, 'बरंच' म्हणजे नक्की किती? ती म्हणाली, "काकू, तुम्हाला जे वाटेल ते." जे वाटेल ते! याच तत्त्वावर आमच्याकडचा भंगारवाला तोलतो, आणि त्याला मी दोनदा पकडलाय. तरी निमूटपणे भरत गेले. थकवा, बरंच. झोप, थोडी. पायाला जडपणा, खूप. एकतिसावा प्रश्न होता की गेल्या चार आठवड्यांत नवऱ्याजवळ जाण्याची इच्छा झाली का. हे शेजारून वाचत होतेच. एकदम त्यांना भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यात इतका रस उत्पन्न झाला की त्यावरच्या सूचना ते दोनदा वाचून आले. ऑपरेशन झाल्यापासून, तुला आराम पडावा म्हणून, असं सांगून हे उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेलेत ते गेलेतच. माणूस भित्रा आहे. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला, पण समोरचं दिसत नाही. मीही कधी विषय काढला नाही, ते सोड. मी 'थोडी' वर खूण केली आणि त्यांना दिसेल असा कागद धरला.

मग टेपवाली. ही पाय मोजणारी सिस्टर. जांघेतल्या गाठी काढल्यापासून माझा डावा पाय संध्याकाळी उशीसारखा फुगतो, चपलेचा पट्टा लागत नाही, हे मी तिला तीन खेपा सांगत आले आहे. तिने मांडीला टेप गुंडाळला आणि म्हणाली, "एकोणपन्नास. आधी अठ्ठेचाळीस होती. एकच सेंटीमीटर वाढलीय. दोन झाल्याशिवाय घट्ट मोजा देत नाहीत. मनावर घेऊ नका."

ताई, पाय माझा, आणि घ्यायचा मनावर! पण माझी नजर गेली टेपवर. पांढरा, धुऊन धुऊन मऊ पडलेला, कडांचा दोरा सुटलेला. पहिल्या खेपेला पिवळा होता, नवा कोरा, हे मला पक्कं आठवत होतं. मी पिशवीतून माझी गुंडाळीची पोलादी पट्टी काढली आणि टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी अंथरली. तिच्या टेपवरचा शंभर माझ्या पट्टीवर एकशे दोनला येऊन बसला. टेप ताणला गेला होता, म्हणून प्रत्येक पाय बारीक भरत होता. म्हटलं, आता माझ्या पट्टीने मोजा. पन्नास.

आधी ती चिडली. म्हणाली, "बाई, हे दवाखान्याचं आहे, तुमच्या बाजाराचं नाही." मी म्हटलं, बाजारात निदान नुसती साखरच कमी मिळते. टेप मी जप्त केला, यांना साक्षीदार म्हणून सही करायला लावली. ती वही उघडून पानं मागे मागे उलटत गेली, किती बायकांना या टेपने 'मनावर घेऊ नका' सांगितलं ते बोटाने मोजत गेली, आणि मग फोन उचलून पहिलीचा नंबर फिरवला. तशी वाईट नाही ती. मला मोजा मिळाला. घालायला दोन माणसं लागतात, पण मिळाला.

मोठ्यांस नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्यांनी मला उपदेश करू नये ही विनंती.

तुझी धाकटी

ता. क. वर यांच्याबद्दल लिहिलेलं भावजींना वाचून दाखवू नकोस. सकाळी मोजा हेच चढवतात, गुडघ्यावर बसून. आणि परवा उशी आत आली. बाकी काही नाही, फक्त उशी आणि हे. घोरतात. मी उठवत नाही.

ता. क. दुसरा. आता मुद्द्याचं. गेल्या पत्रात पडद्यांचं कापड आणि सुनेची तक्रार यांच्या मधोमध तू एक ओळ सरकवलीस, की पाळी जाऊन नऊ वर्षं झाली तरी मधूनच डाग दिसतात, दगदगीने असेल. ती ओळ मी अकरा वेळा वाचली. मीसुद्धा दगदगच म्हणत होते. सात महिने म्हणत होते, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. तुझं तसंच असेल असं नाही. बहुतेकदा साधंच काहीतरी निघतं, असं माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण ते आपण घरी बसून ठरवायचं नसतं. तुझ्या नावाने डॉक्टरांची मंगळवारी अकराची वेळ घेतली आहे. वरची सगळी बडबड ही एवढी ओळ लिहिण्याचा धीर होईना म्हणून केली.

सोमवारी संध्याकाळी तुझ्याकडे येते. या पत्राला उत्तर लिहू नकोस. घ्यायला मी घरी नसेन.