अवनीचं वाक्य

दुबई सिलिकॉन ओएसिस
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय ममता,

सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न उघडताच बाजूला टाकावंसं वाटलं असेल, तर त्यात तुझं काही चुकलं नाही. पण उघडलंच आहेस, तर आता शेवटपर्यंत वाच. मध्येच सोडू नकोस.

इकडे सगळं ठीक. उकाडा सरला, एसी बंद करून खिडक्या उघडता येतात. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. शिकवण्या चालू आहेत. या वर्षीची मुलं गणितात मठ्ठ आणि उलट उत्तरं देण्यात पुढे. शार्दूल टोरांटोत बरा आहे. नातवाला, तनिषला, मी मराठीत विचारते आणि तो इंग्रजीत उत्तर देतो, असं आमचं संभाषण चालतं. तू अजून फुजैराला त्याच टर्मिनलच्या ऑफिसात आहेस, हे रंजिताकडून कळलं. देऱ्याच्या बाजारात साड्या घ्यायला गेले होते, तिथे ती भेटली. म्हणून हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर पाठवते आहे.

आता कामाचं लिहिते.

अवनीच्या ट्रस्टचं चाललं आहे. तुझ्या दादाने तिच्या नावावर ठेवलेलं आणि तिने स्वतः कमावलेलं, असं सगळं एका ट्रस्टमध्ये ठेवायचं. मी नसेन तेव्हा विश्वस्ताने त्यातून तिला सांभाळणारी बाई, फिजिओ, चाकाची खुर्ची, घरभाडं बघायचं. दादा होता तेव्हापासून माझ्या डोक्यात हे होतं. ट्रस्ट मी करायचा आणि विश्वस्त शार्दूल. मसुदाही तयार होता. सुजीत नावाचा आपल्याकडचा तरुण वकील आहे, त्याला मी पहिल्याच भेटीत सांगितलं, "सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय आणि जीभ तिचं ऐकत नाहीत. डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं."

तर तो म्हणाला, "मग काकू, ट्रस्ट तुम्ही कशाला करताय? तिचा पैसा, तिला सगळं कळतं. तीच करू शकते की."

"करतेच आहे ना मी तिच्यासाठी."

"तुम्ही यात पार्टी नाही आहात, काकू. पार्टी अवनी आहे."

"पार्टी कसली? आई आहे मी तिची."

अवनी शेजारीच होती. इतकी हसली की खुर्चीचा पट्टा सैल करावा लागला. घरी आल्यावर तिने माझ्या मसुद्याच्या डोक्यावर टाइप केलं, 'माझा ट्रस्ट मी करणार.' मी म्हटलं, कर. मला वाटलं, नाव तिचं राहील, बाकी सगळं तेच राहील.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं ट्रस्ट नोंदवायच्या सरकारी ऑफिसात गेलो. काम झालं नाही. कागद अपुरे पडले. पुन्हा बोलावलं आहे.

अवनी तशी मजेत आहे. चौतिशी झाली, पण मला अजून पटत नाही. इथल्याच एका कंपनीचं टेस्टिंगचं काम घरून करते. एका बोटाने टाइप करते, पण चूक शोधली की ऑफिसातल्या पोरांना घाम फोडते. तिच्या मॅनेजरने एकदा मला फोन करून विचारलं होतं, "मॅम, इज शी ऑलवेज धिस स्ट्रिक्ट?" मी म्हटलं, घराण्याचा गुण आहे.

तिची बारावीची परीक्षा तुला आठवते का? आमच्याच शाळेत सेंटर होतं. तिला लेखनिक म्हणून नववीतली एक मुलगी दिली होती. मी तेव्हा सुपरवायझर. त्या मुलीला मी व्हरांड्यात उभं करून बजावलं होतं, "ती सांगेल तेच लिहायचं. चूक असलं तरी तेच. तिचं वाक्य संपेपर्यंत पेन कागदावर टेकवायचं नाही. तुला उत्तर येत असलं, तर ते तुझ्यापाशी ठेव." पोरगी रडवेली झाली. तू डबा घेऊन आली होतीस, तू तिला चिकी दिलीस आणि मला म्हणालीस, "वहिनी, नियम मात्र फार चांगला आहे."

इथवर लिहून मी उठले, चहा केला, पुन्हा बसले.

वर मी कागद अपुरे पडले असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. कागद पूर्ण होते. फाइल मी लावली होती आणि मी फाइल कशी लावते ते तुला माहीत आहे. ते वाक्य खोडत नाही. मुलांचे मी खाडाखोडीचे मार्क कापते.

काय झालं ते सांगते.

टेबलापलीकडे एक इमिराती बाई होत्या. पस्तिशीच्या असतील, अबाया, समोर कॉफी, बोलायला मऊ. त्यांनी सगळे प्रश्न अवनीकडे बघून विचारले. नाव, जन्मतारीख, काम काय करतेस, हा पैसा कुणाचा. अवनी सांगत होती आणि मी इंग्रजीत पुढे करत होते. नेहमीसारखंच. बँकेत, दवाखान्यात, विमानतळावर आम्ही असंच करतो. तिने पहिलं अक्षर काढायचं, वाक्य मी पूर्ण करायचं. लोकांचा वेळ वाचतो. लोक बरं म्हणतात.

मग बाईंनी विचारलं, "तुझ्या पैशाची काळजी कुणी घ्यावी असं तुला वाटतं? विश्वस्त कोण?"

अवनीने मान वर केली. तिला असा मोठा श्वास घ्यावा लागतो, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "ममता आत्या."

मी म्हटलं, "हर ब्रदर. शार्दूल."

बाईंनी लिहून घेतलं. सुजीत मोबाइलमध्ये होता. त्याला तिचं बोलणं अजून कळतही नाही. खोलीत ते समजलेली माणसं दोनच होती.

अवनीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने टेबलावर हात ठेवला आणि म्हणाली, "खलास."

त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती. तो शब्द त्या बाईंच्याच अरबीतला. त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग अवनीकडे. आपला कीबोर्ड उचलून तिच्यापुढे सरकवला आणि मला म्हणाल्या, "ममा, प्लीज वेट आउटसाइड." आवाज चढवला नाही. चढवला असता, तर मी भांडले असते.

मी बाहेर जाऊन बसले. समोर कॉफीचं मशीन होतं, त्यात लोक कप ठेवत होते आणि नेत होते. अवनी आत कुणाला तरी काहीतरी सांगते आहे आणि ते काय, हे मला माहीत नाही, असं तिच्या जन्मापासून कधी झालं नव्हतं. सुजीत मध्येच बाहेर आला. म्हणाला, "काकू, तिला पुन्हा यायचंय. ती सांगेल त्या माणसाबरोबर. तुम्ही दारापर्यंत आणू शकता."

घरी आल्यावर मी तिच्या पायातले बूट काढत होते, तेव्हा तिने विचारलं, "आई, मी काय म्हणाले ते तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"पूर्ण?"

"पहिल्या अक्षरापासून."

ती म्हणाली, "मला वाटलं, कळलं नसेल. तसं असतं तर बरं झालं असतं."

ममता, मी सदतीस वर्षं शिकवलं. कॉपी करणारी मुलं पकडली, त्यांच्या आईबापांना बोलावून सुनावलं. पण मला कुणी इतक्या थोड्या शब्दांत कधी पकडलं नाही.

शार्दूलला फोन केला. मला वाटलं, तो माझी बाजू घेईल. तो म्हणाला, "आई, नोबडी आस्क्ड मी आयदर." मग मराठीत आला. "मी नाही म्हटलं नसतं गं. पण दहा वर्षं तू हे ठरवून बसली आहेस. एकदा तरी विचारायचं होतंस."

तुझं नाव मी का गिळलं, हे तू विचारशील. पैशाची भीती नव्हती. तुझ्या हाती घरच्या किल्ल्या देऊन मी महिना महिना भारतात गेले आहे. कारण एवढंच की तिने तुझं नाव घेतलं, म्हणजे सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर तू बरोबर होतीस, असं ठरत होतं. तू म्हणाली होतीस, "वहिनी, थांबा ना जरा, ती बोलतेय." त्यावर मी तुला जे बोलले, ते इथे पुन्हा लिहिण्याची माझी हिंमत नाही. तुला ते शब्द पाठ असतील. मूल नसलेल्या बाईला तसं कुणी बोलू नये. बोलून सहा वर्षं गप्प बसणं, हे तर त्याहून वाईट.

तू वाक्य संपेपर्यंत थांबायचीस. भाजी गार व्हायची, माझा पाय खाली टपटपायचा, आणि तू थांबायचीस. मला वाटायचं, हिला काय, ही गुरुवारची आली की शनिवारी जाणार, हिच्याकडे वेळ आहे. वेळ माझ्याकडेही होता.

फोन का केला नाही, तर फोनवर मी तुझीही वाक्यं पूर्ण केली असती. "नाही जमणार वहिनी" असं तू म्हणायच्या आत मी ते म्हणून टाकलं असतं आणि मग म्हटलं असतं की तूच नाही म्हणालीस. पत्रात तसं करता येत नाही.

सोमवार, ८ डिसेंबर, सकाळची वेळ दिली आहे. तू आलीस, तर तिच्याबरोबर आत तू जाशील. मी मशीनपाशी बसेन. आत काय बोलणं झालं ते विचारणार नाही. हे मी लिहून देते आहे, कारण तोंडी दिलेल्या शब्दावर तू माझ्यावर विश्वास ठेवावास असं मी काही केलेलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आज अवनीला वाचायला दिलं. तिच्याबद्दल लिहायचं आणि तिला न विचारता पाठवायचं, म्हणजे पुन्हा तेच झालं असतं.

तिने सगळं वाचलं. खाडाखोडीच्या वाक्याला हसली. जेवणाच्या टेबलाचं आलं तिथे थांबली, पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "मला एक वाक्य घालायचंय. तू लिही."

मी म्हटलं, "कीबोर्ड देते, टाइप कर."

"नको. मी बोलते. तू लिही."

मी पेन घेतलं. ती म्हणाली, "आत्या, तू ये..." आणि तिला श्वास लागला. मला पुढचं ठाऊक होतं. 'आत्या, तू ये, मला तू हवी आहेस.' हात जवळजवळ कागदावर टेकला होता. मी तो उचलला. खाली जिम्नॅशियमचं संगीत लागलं होतं, ते ऐकत बसले. तिच्या हनुवटीवर लाळ आली, ती पुसायलाही उठले नाही. आणि ती पुढे जे म्हणाली, ते माझ्या मनातलं नव्हतंच. हे तिचं वाक्य, जसंच्या तसं:

"आत्या, तू ये, पण हो म्हणायलाच हवं असं नाही, तू नाही म्हणालीस तरी मला तुला भेटायचं आहे."

मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे.

वाट पाहते.

तुझी वहिनी,
विभावरी
(लेखनिक)