जास्तीचा कप

२ जानेवारी
लागली एकदाची नोकरी! रक्तातल्या पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रं तपासायची, असलं काम मी करणार म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न काय, तर तिथे डबा खायला जागा आहे का. आहे बाई, खिडकीशी, उन्हात. नवी खोली दोघींपुरती आहे, नळाला पाणी आहे, घरमालकीण अजून तरी गोड बोलतेय. सामान लावायच्या आधीच आईने चहा टाकला आणि नेहमीसारखे तीन कप भरले. माणसं दोन, कप तीन! तिसरा निवून जातो आणि मग मोरीत ओततात, हे मी लहानपणापासून बघतेय. कोणाचा विचारलं की म्हणते, असू दे गं थोरले. मी एकुलती एक, तरी थोरली. आमच्या घरचा कारभारच असा.

५ जानेवारी
मला शिकवायला एक काका आहेत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि मग टेबलभर चष्मा शोधतात. काम मात्र झकास शिकवतात. रक्त तीन दिवस उबेत ठेवायचं. एका पेशीच्या दोन व्हायला लागल्या की औषध घालून त्यांना मध्येच थोपवायचं. एरवी गुणसूत्रं म्हणजे नुसता सुताचा गुंता, पण त्या घटकेला ती आखडून जाड होतात आणि स्पष्ट दिसतात. मग फोटो काढून जोड्या लावायच्या. तेवीस जोड्या, प्रत्येकीत एक आईकडचं आणि एक बापाकडचं. संगणक हे चुटकीसरशी करतो, पण नव्या माणसाने कात्रीनेच शिकायचं, असा काकांचा दंडक आहे. दुसरा दंडक म्हणजे नव्या माणसाने आपलं रक्त द्यायचं, कारण तुलनेला निरोगी नमुना लागतो. मी ऐटीत बाही वर केली.

११ जानेवारी
हात दाखवून अवलक्षण! माझ्या बऱ्याचशा पेशी ठीक आहेत, पण काहींत पहिल्या जोडीतल्या एकाचं शेपूट लांब आहे. एका माणसात दोन तऱ्हा कशा असतील? काका म्हणाले, तूच नमुन्यांच्या काचांची अदलाबदल केली असशील. माझं डोकंच फिरलं. पुन्हा रक्त दिलं.

१८ जानेवारी
पुन्हा तेच निघालं, आणि आधीपेक्षा जास्त. प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टर मॅडमनी समोर बसवून समजावलं. आईच्या पोटात आम्ही दोघी असणार. एक राहिली नाही आणि तिच्या थोड्या पेशी माझ्यात मुरल्या. काही अपाय नसतो, माणसं जन्मभर हे न कळता जगतात, असं म्हणाल्या.

घरी आल्यावर आईला विचारलं. ती खालीच बसली. जुळं होतं, म्हणाली. मग एकदा तपासणीत एकच ठोका ऐकू आला. दुसरीला धाकटी म्हणायचं तिने ठरवूनही टाकलं होतं. तिसरा कप तिचा. आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांत काहीतरी शोधत राहिली. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडले. इतकी वर्षं ती एकटीच हे ओढत होती.

२९ जानेवारी
आईने हौसेने रक्त दिलं. तिच्या पहिल्या जोडीत ते लांब शेपूट आहे. म्हणजे धाकटीला ते आईकडून मिळालं, मला नाही मिळालं.

माझ्या रक्तात आता निम्म्याहून जास्त पेशी तिच्या आहेत. असं वाढायला नको, मॅडम म्हणाल्या. मी तासभर बघत बसले. तिच्या पेशी भराभर दुभंगतात, माझ्या नुसत्या पडून असतात. हनुवटीवरचा तीळ फिका झालाय. आई कसलंसं गुणगुणत होती, पोटुशी असताना म्हणायची ते. माझ्या गळ्यातून त्याला सूर मिळाला. मी गात नव्हते.

६ फेब्रुवारी
आज कात्री कशी धरायची तेच आठवेना. तान्ह्या मुलासारखी मुठीत धरली. काकांनी ती हळूच काढून घेतली. तीळ गेला. घरी मात्र आई किती खूश! मी हल्ली लाडात येते म्हणे, कुशीत शिरते. मला त्यातलं काही आठवत नाही.

१० फेब्रुवारी
मॅडमनी मोठ्या रुग्णालयात बोलणं केलंय. दुभंगणाऱ्या पेशी मारायचं औषध देतील. तिच्याच दुभंगतायत, त्यामुळे तिच्याच मरतील. जिवात जीव आला.

आईला सांगितलं. तिने माझे पाय धरले. आईने, माझे! एकदा गेलीय गं ती, म्हणाली, पुन्हा नको घालवूस. मी ओरडले, आणि माझं काय? तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, तुझं काय, तू आहेसच की.

तू आहेसच की. हेच ऐकत मोठी झाले मी.

१३ फेब्रुवारी
रुग्णालयात जायला निघाले होते. बस पकडली होती — भानावर आले तेव्हा डोकं आईच्या मांडीवर होतं. आई केस विंचरत होती. धाकटे म्हणत होती.

ती वाईट नाही. तिला फक्त आई हवीय. तेवढा एकच शब्द तिला येतो.

फेब्रुवारीच, तारीख —
हात थोडा वेळच माझा असतो. बोलता येत नाही. तोंड तिचं झालंय.

मॅडम घरी आल्या होत्या. आईने दारातूनच —

संध्याकाळ
आई आज घाबरलीय. माझ्या डोळ्यांत बघून विचारते, थोरली कुठाय गं? धाकटी हसते, ‘आई’ एवढंच म्हणते. आई पुन्हा विचारते, खांदे धरून हलवते. धाकटी पुन्हा आई म्हणते.

चहा झाला. तीन कप. एक आईचा. एक धाकटीचा, तिला भरवतात. तिसरा रिकाम्या खुर्चीपुढे. आई त्या कपाकडे बघून रडतेय. थोरले, थोरले म्हणतेय. माझ्यासाठी कधी अशी रडली नव्हती. समोरच बसलेय गं मी. हात चालतोय तोवर ही वही तुझ्याकडे सरकवते — सरकत नाही —

आई, रडू नको. मी आहेच की. इथेच आ