पाहुण्याची ललकारी

१४ नोव्हेंबर १९४८, रविवार
शाळेतून सहा महिने सुटका! दरबारच्या कचेरीत बसून पुस्तिका लिहायची. परमुलखातून येणाऱ्या पाहुण्यांना आपल्या करवीर संस्थानची ओळख : इतिहास, देवळं, तळी, खाणंपिणं, रीतिभाती. साठ पानं. साहेब म्हणाले, "मास्तर, वाचून माणसाला गाडीत बसावंसं वाटलं पाहिजे." मला तर आत्ताच वाटतंय. राहतो इथंच, तरी.

१७ नोव्हेंबर
एक ओळ जमेना. मग डोळे मिटून एक पाहुणा उभा केला. उंच, चष्मा, काखेत वळकटी. ह्यापुढं नुसतं 'पा.'.
पा. सकाळच्या गाडीनं उतरला. टांगेवाला विचारतो, "कुठलं म्हणायचं पावणं?" आणि उत्तर यायच्या आत आपलंच सांगत सुटतो. रंकाळ्याच्या तळ्यावर धुकं. दगडी संध्यामठ अर्धा पाण्यात, अर्धा कुठंच नाही. पा. चष्मा पुसून पुन्हा बघतो. दोन तास कसे गेले कळलं नाही. लिहिल्या चार ओळी.

२३ नोव्हेंबर
जेवताना सौ. : "तुमच्या त्या पाहुण्याला ताट वाढू का? बोलताय तर त्याच्याशीच." हसलो. पण खरंच, पांढरा रस्सा आधी द्यावा की तांबडा, हाच विचार चालला होता.

२ डिसेंबर
दरबाराचं प्रकरण घेतलं. ते आबांशिवाय कसं होणार? वडील चोपदार. चाळीसएक वर्षं दरबारच्या दारात चांदीची काठी घेऊन उभे. बाहेरचा पाहुणा आला की त्याचं नाव, गाव, मुलूख पुकारून त्याला आत न्यायचं, हे आमच्या घराण्याचं काम. ती ललकारी जुन्या बोलीत आहे, कुठंही लिहिलेली नाही. आज आबांखेरीज ती कुणाला येत नाही. मला तर नाहीच. मी कधी ऐकलेलीसुद्धा नाही! आत जायची परवानगी पाहुण्यांना, चोपदारी न शिकणाऱ्या पोराला नाही.
म्हटलं, "आबा, शब्द सांगा. पुस्तकात घालतो."
"न्हाय."
"का?"
"उंबऱ्यावर पावणा उभा असल्याबिगर ते तोंडातनं काढायचं न्हाय. रिकाम्या उंबऱ्यावर पुकारलं तर नको तो आत येतो."
मग तुम्ही कसे शिकलात, विचारलं. म्हणाले, "बापाच्या मागं उभा ऱ्हाऊन. तू शाळंत गेलास की."


१९ डिसेंबर
शाहूवाडीकडं जाऊन आलो. डोंगर, भाताची रिकामी खाचरं, धुराचा वास. पा. ला हे आवडेल. एका म्हाताऱ्यानं घोंगडं अंथरलं, म्हणाला, "बसा पावणं." आपल्याच राज्यात पाहुणा झालो. फार बरं वाटलं. का, ते कळलं नाही.

८ जानेवारी १९४९
सगळीकडं एकच कुजबुज. संस्थान मुंबई इलाख्यात जाणार. काही जण पेढे वाटायच्या तयारीत, काही जण गप्प. मी कुणातला? तालुक्यातल्या कारभाराचे हाल मी पाहिलेत, रडण्यासारखं काही नाही. तरी पेढा घ्यावासा वाटत नाही.
सौ.चा भाऊ कुरुंदवाडहून आला. त्यांचं चिमुकलं राज्य गेल्याच वर्षी गेलं. विचारलं, कसं वाटलं रे? म्हणाला, "काय न्हाय दाजी. सकाळी उठलो, म्हस तीच, गोठा तोच."
आबांना खोकला झालाय. डॉक्टर म्हणतात, घशाला त्रास देऊ नका. चोपदाराला!

२१ जानेवारी
गुऱ्हाळावर गेलो. पा. साठी काकवीचं वर्णन लिहिलं. पान भरलं तरी गोडवा उतरला नाही.

४ फेब्रुवारी
आज मी नालायकपणा केला. लिहूनच ठेवतो.
ललकारीवाचून दरबाराचं प्रकरण अर्धवट वाटत होतं. मीच एक रचली. "निगा रखो" वगैरे, भारदस्त, झोकदार. छापखान्यात मारुतराव कंपोझिटरनं जुळवलीसुद्धा. प्रूफ आबांना वाचून दाखवलं, त्यांना चष्म्यानंही दिसत नाही आता. वाटलं, चिडून तरी खरी सांगतील.
चिडले नाहीत. म्हणाले, "छाप की. पावण्याला कुठं कळतंय?"
जेवले नाहीत. सौ. माझ्याशी बोलत नाही.

५ फेब्रुवारी
पहाटे उठून छापखान्यात. मजकूर काढायला लावला. मारुतराव टाईप सोडवताना बडबडत होता : "मास्तर, अर्धं पान मोकळं ऱ्हातंय. काय भरू? गुळाची जाहिरात?" म्हटलं, मोकळं राहू दे.

१ मार्च, मंगळवार
झालं. आज संस्थान नाही.
सकाळी मुद्दाम रंकाळ्यावर गेलो. पाणी होतं तसंच. बायका धुणं धूत होत्या. एक जण शेजारणीशी भांडत होती, जोरात, पूर्वीसारखंच. पा. आज आला असता तर त्याला काय दाखवलं असतं? काहीच बदललं नाही, हेच दाखवायचं होतं का?
आबांनी चांदीची काठी फडक्यात गुंडाळून सरकारजमा केली. मी बरोबर गेलो. कारकुनानं पावती दिली. परतताना त्यांचा उजवा हात मोकळा राहीना. शेवटी मी माझी छत्री त्यांच्या हातात दिली.

११ मार्च
साहेब नवे. पुस्तिका रद्द होईल ह्या भीतीनं झोप उडालेली. पण कागद कापून झाला होता, जुळवलेल्या पानांचे फॉर्म बांधून झाले होते. म्हणाले, छापा. 'संस्थान' खोडा, 'जिल्हा' करा. दरबाराचं पान इतिहास म्हणून राहू दे. तेवढ्यावर सुटलो.
मारुतराव पुन्हा अर्ध्या पानावर बोट ठेवून उभा.

१३ मार्च, रविवार
आबांशेजारी बसलो. सरळ सांगितलं : तुमच्यानंतर हे कुणाकडं राहणार नाही. मला भीती वाटते. माझ्या हातनं हे संपायला नको.
आबांनी कोपऱ्यातली छत्री चाचपून हातात घेतली. मग म्हणाले, "आता दरबार न्हाय. पर पावणा येनार की न्हाय?"
"येणार की."
"मग त्याला हितं धाड. आपल्या उंबऱ्यावर. मी पुकारतो. कागदावर न्हाय."
डोळ्यांत पाणी आलं माझ्या. लपवलंही नाही.

१४ मार्च
अर्ध्या पानावर जुळवून आणलं : 'जुन्या दरबारात पाहुण्याला ज्या ललकारीने आत नेत, ती ऐकायची असेल त्याने मंगळवार पेठेत, तालमीमागे, चोपदाराचे घर विचारावे. सकाळी यावे.'
मारुतराव म्हणाला, "च्या देनार का?" म्हटलं, जेवायलाच घालू.

२ एप्रिल
पुस्तिका आली. शाईचा वास. आबांनी हातात घेतली, उलटी धरली, ते पान कुठलं विचारलं, त्यावर बोट ठेवून बसले.

१० एप्रिल
आबा रोज अंघोळ करून जरीचा मंदील बांधतात आणि दारात बसतात. गल्लीत पावलं वाजली की उठतात. दूधवाला, पोस्टमन, तालमीतली पोरं. परत बसतात. खोकला वाढलाय. सौ. काढा देते, घेतात.
मी पा. ला मनात विनवतो. बाबा रे, वळकटी उचल. निघ.

१९ एप्रिल
साहेबांना विचारलं, पुस्तिका कुठं धाडल्या? गठ्ठे अजून कचेरीतच आहेत! यादी मंजूर व्हायची आहे म्हणे. त्यांच्यासमोर आवाज चढला माझा. पहिल्यांदाच. घरी सांगितलं नाही.

२४ एप्रिल, रविवार
रात्रभर आबांना ढास लागली होती. डॉक्टर सौ.ला बाजूला नेऊन काहीतरी बोलले. तरी सकाळी मंदील बांधलाच. मी बांधून दिला. आता बसलेत दारात, छत्री घेऊन. छातीतली घरघर इथवर ऐकू येते.
सौ. मघाशी म्हणाली, "तुम्हीच का नाही जात?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं.
मागच्या दारानं निघायचं. तालमीला वळसा घालून गल्लीच्या तोंडाला. तिथून नव्या माणसासारखं, घर विचारत यायचं. सौ.नं पिशवीत दोन कपडे भरून दिलेत, खोटं वाटायला नको म्हणून. आबांना दिसत नाही, पण माझं पाऊल ओळखतील. ओळखलं तर उंबरा रिकामाच म्हणायचा की पाहुणा उभा आहे म्हणायचं, हे त्यांनी ठरवावं.
नाव सांगेन. गावही सांगेन. ते विचारतील, मुलूख कुठला? त्याला काय सांगायचं ते अजून ठरत नाही. जातो.