बसऱ्याला गेलेले चुलते

ओंगार, ४ नोव्हेंबर २०१४

लेकीची, सईची, उद्या इतिहासाची टेस्ट. पहिलं महायुद्ध कसं पेटलं ते तिला समजावत होतो: ऑस्ट्रिया सर्बियावर चालून गेला, सर्बियासाठी रशिया उठला, ऑस्ट्रियासाठी जर्मनी, मग फ्रान्स, मग इंग्लंड. करारच तसे होते.

साताऱ्याहून इकडे परदेशी आमच्याकडे आलेले बाबा मध्येच म्हणाले, “माझे थोरले चुलते त्याच लढाईत इंग्रजांच्या फौजेतून इराकात, बसऱ्याला गेले. परत आलेच नाहीत.”

बसरा. घरात हा शब्द मी कधीच कसा ऐकला नाही?

“बट व्हॉट वॉज ही फायटिंग फॉर, आजोबा?” सईने विचारलं.

बाबा म्हणाले, “माझी आजी, म्हणजे त्यांची आई, मरेपर्यंत रात्री दाराला कडी घालू देत नव्हती.”

सईने चुलत्यांचं नाव विचारलं. बाबांना ते आठवेना.